पुढे गेलेला तांडा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'अपंगांसाठीची साधने आणि उपक्रम' असा छापला आहे. त्यासाठी तत्त्वज्ञानाच्या माणसाला कशाला बोलावलं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. कृत्रिम पायावर बोलायला डॉक्टर हवा आणि तीनचाकीवर बोलायला मेकॅनिक हवा, हे खरंच आहे. आम्हाला येतं ते एवढंच, की समोर आलेली गोष्ट नीट वाचायची आणि तिच्यात काय न बोलता गृहीत धरलंय ते शोधायचं. तेच आज करू. आधी एक जुनी गोष्ट घेऊ, मग आपल्या कर्जत-खालापुरात होणारी साधनवाटपाची शिबिरं, आणि मग माथेरान.

गोष्ट सांख्यदर्शनातली आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, एकविसाव्या कारिकेत, पुरुष आणि प्रकृती यांच्या संयोगाला पांगळ्या आणि आंधळ्याची उपमा दिलेली आहे. पुरुष पाहतो, पण करत काहीच नाही, म्हणून तो पांगळा. प्रकृती सगळं करते, पण तिला दिसत नाही, म्हणून ती आंधळी. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि वाट सांगतो, आंधळा चालतो, आणि दोघेही मुक्कामाला पोचतात. हाच पंग्वंध न्याय. परीक्षेत हा प्रश्न ठरलेला असायचा. विद्यार्थी उपमा समजावून द्यायचे आणि शंकराचार्यांचा आक्षेप लिहायचे, की पांगळा निदान तोंडानं वाट तरी सांगतो, तुमचा निष्क्रिय पुरुष तेही कसं करणार? एवढं लिहिलं की गुण मिळायचे.

पण गौडपादांच्या भाष्यात या गोष्टीला एक सुरुवात आहे आणि तिच्याकडे कुणी थांबून बघत नाही. हे दोघे रानात भेटले कसे? भाष्य सांगतं, की ते एका तांड्याबरोबर चालले होते. तांड्यावर चोरांचा हल्ला झाला. पळापळ झाली. त्यात या दोघांना त्यांच्याच नातलगांनी मागं टाकलं. म्हणजे खांद्यावर बसायची ती युक्ती सुचली ती नंतर. आधी तांडा पुढे गेला.

परंपरेला पुढचा भाग आवडला, कारण तो सुंदर आहे. दोन उण्या माणसांची बेरीज होऊन एक पूर्ण प्रवास होतो. मागं टाकणाऱ्यांचा पत्ता मात्र कुणी विचारला नाही. आम्हाला वाटतं, अपंगत्वाबद्दलचा आपला सगळा विचार आजही याच ठिकाणी अडकलेला आहे. युक्तीचं आपल्याला फार कौतुक असतं, आणि तांड्याचा विषय निघाला की आपण घड्याळाकडे बघतो.

('पांगळा', 'आंधळा' हे शब्द गोष्टीतले म्हणून वापरतो आहोत. त्यांची सवय कुणी लावून घेऊ नये.)

शब्दांवरून आठवलं. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं आणि सरकारी कागदांवर तो शब्द रुळला. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेक संघटनांनी या शब्दाला आक्षेप घेतला. आमचा आक्षेप थोडा वेगळा, व्याकरणातला आहे. 'अपंग', 'विकलांग', 'दिव्यांग' हे तिन्ही शब्द अंगाबद्दल बोलतात. उपसर्ग बदलला, पण अंग तिथंच राहिलं. ज्या जिन्यानं, ज्या फलाटानं, ज्या अर्जानं माणूस अडतो, त्याचा या शब्दांत मागमूस नाही. शिवाय 'दिव्य' म्हटलं की हक्काची भाषा जाऊन कृपेची येते. पांगळा डोंगर ओलांडतो तो कृपेनं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. डोंगरावर वाट कुणी करायची, हे आपण त्या श्लोकाला कधी विचारलं नाही. असो. ज्याला जो शब्द स्वतःसाठी बरा वाटतो तो आपण त्याच्यासाठी वापरावा, एवढं सौजन्य पुरे. आम्ही इथं 'अपंग' म्हणतो, कारण आमच्या ओळखीतली बहुतेक माणसं स्वतःला तेच म्हणवतात.

आता शिबिराकडे येऊ. साधनवाटपाचं शिबिर हा आपल्याकडे जवळजवळ एक नाट्यप्रकार झाला आहे, आणि नाटकाची समीक्षा करावी तशी त्याची करायला हरकत नसावी. मंडप, त्यामागं बॅनर, बॅनरवर दात्यांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो. एका बाजूला प्लॅस्टिक न काढलेल्या व्हीलचेअरची रांग, तीनचाकी सायकली, खोक्यात कुबड्या आणि कानाची यंत्रं. नऊला बोलावलेली माणसं नऊला आलेली असतात, कारण त्यांना कुणाच्या तरी गाडीनं यावं लागतं आणि ती गाडी त्याच वेळेला मिळते. पाहुणे साडेअकराला येतात. भाषणं होतात. मग नाव पुकारलं जातं, माणूस नव्या खुर्चीत बसवला जातो, खुर्चीच्या मागं पाच जण उभे राहतात आणि फोटो निघतो. या नाटकात अपंग माणसाला संवाद नाही. त्याचं पात्रनाम आहे 'लाभार्थी'. जो काही करत नाही, ज्याला फक्त लाभ होतो, तो. म्हणजे सांख्यांचा पुरुषच म्हणा की.

आमची टवाळी देणाऱ्यांबद्दल नाही. कानपूरची अॅलिम्को १९७२ साली स्थापन झाली, केंद्राची साधनवाटपाची अॅडिप योजना १९८१ पासून चालू आहे, आणि या दोन्ही नसत्या तर कितीतरी माणसं आजही हातांवर सरकत चालली असती. गावोगावची मंडळं, देवस्थानं, कारखाने स्वतःच्या खिशातून देतात, तेही खोटं नाही. आमचा मुद्दा नाटकाच्या रचनेचा आहे. हे नाटक वस्तू हातात पडली की संपतं, आणि साधनाचं आयुष्य तर तिथून सुरू होतं.

व्हीलचेअर ही चप्पल नव्हे, की नऊ नंबर द्या म्हटलं आणि झालं. बसणाऱ्याच्या मांडीची लांबी, कमरेची रुंदी, पाठीचा आधार, पाय ठेवायच्या पट्टीची उंची हे सगळं बघावं लागतं. पाठीच्या कण्याला मार बसलेल्या माणसाला कमरेखाली संवेदना नसते. गादी बरोबर नसली तर त्याला जखम होते आणि जखम झाल्याचं कळतही नाही. ती चिघळते आणि माणूस दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली गरीब मुलखांसाठी व्हीलचेअर देण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत खुर्ची देणं ही मधली एक पायरी आहे. तिच्याआधी तपासणी आणि माप येतं, आणि नंतर बसवून बघणं, वापरायला शिकवणं, दुरुस्ती आणि पुन्हा भेट. आपण मधली पायरी उचलली आणि तिला जिना म्हणू लागलो.

आपल्याकडे हे आणखी महत्त्वाचं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तो खालापुरातून जातो आणि बोरघाट चढतो. अपघातातून वाचलेला माणूस घरी येतो तो कधीकधी कायमचा बसूनच. अपंगत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जन्मापासूनचं काहीतरी येतं. पण खोपोलीच्या रस्त्यावर ते एका दुपारी होतं, कारखान्यातल्या यंत्रावर एका पाळीत होतं.

अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्डला एक व्याख्यान दिलं होतं. समता म्हणजे नक्की कशाची समता, हा त्याचा विषय. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं, की सगळ्यांना सारख्या वस्तू वाटल्या म्हणजे न्याय झाला असं समजणं ही वस्तूंची भक्ती झाली. बघायचं ते हे, की त्या वस्तूतून त्या माणसाला काय करता येऊ लागलं. कोंकणात पावसाळा चार महिन्यांचा. वाडीपर्यंत पायवाट. अशा घरी तीनचाकी सायकल दिली तर वाटपाच्या यादीत एक आकडा वाढतो आणि पडवीत एक वस्तू वाढते. तिच्यावर आधी पोतं येतं, मग कपडे वाळत घातले जातात, मग कोंबडी बसते. आणि मग आपण म्हणतो, 'या लोकांना दिलेलं वापरता येत नाही.'

न वापरलेलं साधन म्हणजे वापरणाऱ्यानं त्यावर लिहिलेली समीक्षाच असते, आणि ती वाचायला शिकलं पाहिजे. ती वाचली म्हणून काय घडलं, त्याचं एक नामी उदाहरण आपल्याच देशात आहे.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिशल्यचिकित्सक होते. त्या काळात कृत्रिम पाऊल म्हणून पाश्चात्त्य बनावटीचं पाऊल मिळायचं. ते घट्ट, बुटात घालायचं, टाच उंच धरून केलेलं. ते बसवलेली माणसं काही दिवसांनी पाय काढून ठेवायची आणि कुबड्या घेऊन फिरायची. सोपं निदान असं झालं असतं, की रुग्ण अडाणी आहेत. सेठींनी उलट विचारलं, की या पायानं तुम्हाला काय करता येत नाही? उत्तरं साधी होती. उकिडवं बसता येत नाही. मांडी घालता येत नाही. अनवाणी चालता येत नाही, देवळात आणि स्वयंपाकघरात बूट घालून कसं जायचं? शेतातल्या पाण्यात उतरता येत नाही. रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर त्यांच्याबरोबर होते. शाळा फारशी न शिकलेला पण हातात विलक्षण कसब असलेला माणूस. रबर, लाकूड आणि सायकलच्या टायरसारखं व्हल्कनाइझ केलेलं आवरण वापरून या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ च्या सुमारास जे पाऊल घडवलं, ते जयपूर फूट. बोटांसकट मानवी पावलासारखं दिसणारं, सगळ्या दिशांना वळणारं आणि बुटाची गरज नसलेलं. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि ते देशभर गेलं. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जयपूर फूट म्हटलं की आपल्याला सुधा चंद्रन आठवतात, त्यांचं नृत्य आठवतं. ते आहेच मोठं. पण त्या पावलाची खरी कसोटी रंगमंचावर लागत नाही. ती लागते आषाढात, चिखलणी झालेल्या वावरात, जेव्हा पाय घोट्याच्या वर गाळात रुततो आणि लावणी करणाऱ्याला तो उपसून पुढं टाकावा लागतो. कर्जतच्या भातशेतीत उतरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जयपूरचं पाऊल या प्रसंगाचा विचार करून घडलं आहे. नृत्य ही वरकमाई.

ब्रेलचंही तसंच. चार्ल्स बार्बियेची मूळ पद्धत बारा टिंबांची होती आणि ती डोळस माणसानं केलेली होती. बारा टिंबं बोटाच्या एका पेराखाली मावत नाहीत. हे ज्याला बोटानं वाचायचं होतं त्या लुई ब्रेलला कळलं. त्यानं सहा केली आणि १९२९ नव्हे, १८२९ साली ती छापली, शंभर वर्षं आधी. आपल्या भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये, आणि मराठी त्याच सहा टिंबांत बसली. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम २००६ साली मायकल करन या तरुणानं सुरू केला. तो स्वतः अंध, ऑस्ट्रेलियातला. आज तो मराठीही वाचतो. पण आपण अर्जाचा कागद स्कॅन करून चढवतो आणि म्हणतो, 'ऑनलाइन उपलब्ध आहे.' त्या प्रोग्रॅमच्या लेखी तो एक फोटो असतो, अक्षर नव्हे. संयोजकांनाही विनंती, हे व्याख्यान चढवाल तेव्हा ते मजकूर म्हणून चढवा. पानांचे फोटो टाकू नका.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथेचं नाव 'चाकाची खुर्ची'. त्या स्वतः खुर्चीत आहेत आणि १९८४ साली त्यांनी अपंगांसाठी संस्था उभी केली. मराठी वाचकानं ते पुस्तक जिद्दीची कहाणी म्हणून वाचलं, डोळे पुसले आणि कपाटात ठेवलं. पुस्तकाला नाव खुर्चीचं दिलंय, जिद्दीचं नाही, याकडे आपलं लक्ष गेलं नाही. जिद्द ही फार सोयीची गोष्ट आहे. ती समोरच्यानं बाळगायची असते, आपल्याला काही करावं लागत नाही.

आता माथेरान. हे आपल्याच कर्जत तालुक्यात आहे आणि पंग्वंध न्याय तिथं अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो.

माथेरानला मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढं चालत, घोड्यावर, छोट्या गाडीनं किंवा हातरिक्षानं जायचं. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. या बंदीमुळेच माथेरान माथेरान राहिलं आहे, आणि आम्ही तिच्या बाजूचे आहोत. पण त्या डोंगरावर फक्त पर्यटक नसतात. तिथं लोक राहतात, म्हातारे होतात, पडतात, त्यांचे गुडघे जातात, डोळे जातात. त्यांना खाली दवाखान्यात यायचं, बँकेत यायचं, तर साधन काय? अगदी अत्यवस्थ असाल तर रुग्णवाहिका. बाकी हातरिक्षा. एक पुढून ओढणार आणि दोघे मागून ढकलणार, लाल मातीच्या चढावर, पावसात सुद्धा. म्हणजे तिथलं सहाय्यक तंत्रज्ञान होतं दुसऱ्याचं शरीर. चालता न येणारा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर. आणि त्या दुसऱ्याला दुसरं काम मिळत नव्हतं, म्हणून त्याचा खांदा मोकळा होता. सांख्यांच्या गोष्टीत आंधळ्याला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, तुझी पाठ दुखते का? इथंही बरीच वर्षं कुणी विचारलं नाही.

ते अखेर विचारलं ते हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच, न्यायालयात जाऊन. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. आणि ६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं निकाल दिला, की माणसानं माणसाला ओढणं हे घटनेतल्या प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा शासनानं घ्याव्यात आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्यानं द्याव्यात. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या पंजाबातल्या रिक्षावाल्यांच्या निकालाची आठवणही न्यायालयानं करून दिली. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर नाहीत, असंही त्यात आहे.

हा निकाल उत्तम आहे. आमच्या मते अलीकडच्या काळातला अपंगत्वाच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळून संबंध असलेला निकाल, जरी त्याचा विषय अपंगत्व नव्हता. खांदा देणाऱ्याची प्रतिष्ठा त्यानं पहिल्यांदा मोजली. ओढणाऱ्याचं ओझं न वाढवता बसणाऱ्याचा प्रवास होऊ शकतो, हे यंत्रानं शक्य केलं. यंत्राचं खरं काम तेच.

पण वाचताना एक जागा रिकामी दिसते. माथेरानच्या वादात बोलणारे पक्ष पुष्कळ आहेत. पर्यावरणवाले, घोडेवाले, हॉटेलवाले, रिक्षावाले. आजारी, म्हातारे, शाळकरी मुलं यांचा उल्लेख प्रत्येक जण करतो, पण तो उदाहरण म्हणून, आपल्या बाजूला वजन यावं म्हणून. पक्षकार म्हणून ती माणसं नसतात. त्याचा परिणाम अगदी बारीक जागी दिसतो. बाजारात मिळणारी साधारण ई-रिक्षा बघा. पायरी चढून, वाकून आत शिरायचं, समोरासमोर बाक. व्हीलचेअर तिच्यात सरळ ढकलता येत नाही. खुर्ची घडी करून मागं बांधायची आणि माणसाला उचलून बाकावर ठेवायचं. म्हणजे पुन्हा खांदा आलाच. एखाद्या गाडीला मागून फळी लावता आली असती आणि एक बाक घडीचा करता आला असता. वेल्डिंगच्या दुकानात होणारं काम आहे हे. पण ते कुणी मागायचं? आणि गाडी मुख्य रस्त्यावर सोडते, घर आतल्या लाल वाटेवर असतं. आतल्या वाटांवर डांबर घाला असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण दाबून बसवलेली, निचरा असलेली मातीची वाट आणि दगडगोट्यांची वाट यांत फरक आहे, आणि तो चाकाला कळतो.

जंगल वाचवायचं की माणसाला वाट द्यायची, असा वाद घातला की दोन्ही बाजूंना जोर येतो. आम्हाला तो वाद खोटा वाटतो. खरी गोष्ट ही, की आराखडा काढताना खुर्चीतला माणूस टेबलाशी नव्हता.

खालापुरातल्या इर्शाळवाडीचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीची वाट नव्हती. यंत्रं वर जाईनात. माणसं चालत चढली आणि हातांनी माती उपसली. त्या रात्रीचं दुःख मोठं आहे, त्यातून कुठलं तात्पर्य काढायचं नाही. पण ज्या वाटेनं त्या रात्री जेसीबी जाऊ शकला नाही, अशा वाटेच्या टोकाला आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथून आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणतात. झोळी म्हणजे दोन माणसांच्या खांद्यावरचा बांबू. शिबिर तालुक्याला होतं. वाडीतला अपंग शिबिराला येतो तो झोळीत बसून, आणि परत जातो तो झोळीत बसून, फक्त बरोबर एक व्हीलचेअर असते, तीही कुणाच्या तरी डोक्यावर.

प्रमाणपत्राचंही तेच. जिल्हा रुग्णालय अलिबागला. कर्जतचा माणूस लोकलनं मुंबईला सहज जातो, पण अलिबाग त्याला परमुलूख. तालुक्यात तपासणीचं शिबिर लागलं तर ठीक, नाही तर एसटी बदलत जायचं, ते हे सिद्ध करायला की आपल्याला जाता येत नाही.

आता थोडं गमतीचं. कर्जत स्टेशनवर लांब पल्ल्याची गाडी थांबते ती वड्यासाठी थांबते असा पुष्कळांचा समज आहे. वडा खायला हरकत नाही. पण गाडी थांबते ती तिला मागून बँकर लावायचे असतात म्हणून. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. पुढचं इंजिन कितीही दमदार असो, मागून ढकलणारी इंजिनं लागतात. कुणी म्हणत नाही, की ही गाडी अपंग आहे, किंवा हिला बँकरची कृपा झाली. वेळापत्रकातच तेवढा थांबा धरलेला असतो. घाट आहे, म्हणून बँकर आहेत, आणि त्याचा खर्च रेल्वेचा. प्रवाशांकडून वर्गणी काढून बँकर लावले आणि ड्रायव्हरला हार घालून फोटो काढला, असं होत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नेमका हा विचार आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, यात एकवीस आहेत, हे सगळे सांगतात. त्याहून मोठा बदल हा, की इमारती, वाहनं, माहिती ही मुळातच सगळ्यांना वापरता येईल अशी करायची आणि तरीही कुणी अडलं तर त्याच्यापुरती वाजवी सोय करायची, हे कर्तव्य म्हणून आलं. पण नियम लिहिताना ती मानकं बंधनकारक आहेत की नुसती शिफारस, यात घोळ राहिला. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियमच कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानकं करायला सांगितलं. म्हणजे कायदा बँकरची भाषा बोलतो. शिबिर अजून कृपेची बोलतं.

आणि त्याच कर्जत स्टेशनातून खोपोलीकडे वळा. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा आहे, हा मोठा हक्क आहे आणि तो लढून मिळालेला आहे. त्यात धडधाकट माणसं घुसतात हा आपला नेहमीचा अनुभव. पण डब्यापर्यंत पोचायचं कसं? स्टेशनबाहेरचा रस्ता, जिना, फलाट, फलाट आणि डबा यांच्यामधली पोकळी. साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या कड्या शोभेच्या.

देकार्तनं १६३७ साली आणि नंतर मेर्लो-पाँतीनं १९४५ साली अंध माणसाच्या काठीबद्दल लिहिलं आहे. काठीची सवय झाली की ती हातातली वस्तू राहत नाही. माणसाला काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाशी असलेला रस्ता जाणवतो. वर्गात आम्ही हे फार रंगवून सांगायचो. पण त्या दोघांच्या काठीच्या टोकाशी कधी उघडं गटार आलं नाही, फुटपाथवर लावलेली मोटारसायकल आली नाही, हातगाडीचं चाक आलं नाही. खोपोलीच्या बाजारात काठीला हेच भेटतं. तिथं ती पुन्हा नुसती काठी होते, आणि हातात जड लागते. साधन चांगलं की वाईट हे ठरतं त्याच्या टोकाशी काय आहे त्यावर. आणि टोकाशी असतो तो आपण सगळ्यांनी मिळून केलेला रस्ता. तांडा म्हणतो आम्ही त्याला.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय, की जगात अडीच अब्ज माणसांना एक तरी सहाय्यक साधन लागतं, आणि जवळपास एक अब्जांना ते मिळत नाही. त्यात चष्मे आहेत, कानाची यंत्रं आहेत. या सभागृहात पुढच्या चार रांगांत चष्म्याशिवाय कोण आहे ते आम्ही बघतोच आहोत. चष्म्याची काच फुटली तर कर्जतच्या बाजारात ती बदलून मिळते, स्क्रू ढिला झाला तर दुकानदार पैसेही घेत नाही. म्हणून चष्मा हे दान वाटत नाही. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक मोडलं तर? कानाच्या यंत्राचा सेल संपला, कानातला साचा सैल झाला, तर? बॅटरीच्या तीनचाकीची बॅटरी दुसऱ्या वर्षी बसली, तर?

ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची, असा महाराष्ट्रात नियम आहे. लहान पंचायतीचं उत्पन्न ते केवढं, त्याचे पाच टक्के ते केवढे, हे मान्य. बहुतेक ठिकाणी मार्चअखेरीला ते सारखे वाटून टाकतात किंवा त्यातून आणखी एक वस्तू घेतात. त्याऐवजी दोन-चार पंचायतींनी मिळून कर्जत, नेरळ, कडाव, चौक, खोपोली इथल्या एकेका सायकलवाल्याला दुरुस्तीचं काम ठरवून द्यावं. टायर, ट्यूब, बेअरिंग, ब्रेकची वायर आणि गाद्या तो ठेवेल. बिल पंचायत देईल. आणि एक वही असावी. साधन कुणाला दिलं हे तिच्यात नको, त्याची यादी पुष्कळ ठिकाणी आहे. कुठलं साधन कधी बंद पडलं, का पडलं, किंवा माणसानं ते का वापरायचं सोडलं, हे लिहायचं, आणि ते वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहायचं. सेठींनी जयपुरात जे विचारलं ते इथं विचारायला डॉक्टरची पदवी लागत नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर ग्रामपंचायतीला आधी लेखी द्यावा लागतो, तो आयत्या वेळेच्या विषयांत ढकलू देऊ नका. आणि ग्रामसभा जिथं भरते त्या जागेवर चाकानं जाता येतं का, हे आदल्या दिवशी जाऊन बघा. येत नसेल तर सभा झाडाखाली घ्या. कायद्याची त्याला हरकत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. माईक मागच्या रांगेपर्यंत न्या.